ओळखीची भरती: जामीन आणि दलाल

नव्या माणसाला कामावर आणण्याच्या वाटा मोजक्याच असतात. वर्तमानपत्रातली किंवा पोर्टलवरची जाहिरात, कन्सल्टन्सी, कॉलेजातला कॅम्पस इंटरव्ह्यू, वॉक-इन, फाटकावर येऊन केलेली विचारणा, ठेकेदार, आणि आधीपासून कामावर असलेल्या कुणीतरी ‘आपला एक माणूस आहे’ म्हणून पुढे केलेला उमेदवार. यांपैकी कोणत्या वाटेने आलेला माणूस काम बरे करतो आणि कोण सहा महिन्यांच्या आत राजीनामा टाकतो, यावर औद्योगिक मानसशास्त्रात आणि श्रम-अर्थशास्त्रात अनेक दशके अभ्यास होत आले आहेत. त्यातून एक ठोकताळा रूढ झाला: ओळखीने आलेली माणसे जास्त टिकतात. ठोकताळा खोटा नाही, पण अपुरा आहे. ओळखीची भरती काही ठिकाणी कामाची घडी बसवते, तर काही ठिकाणी तिचाच वशिला, लाच किंवा वेठ होते. हा फरक दोन गोष्टींनी पडतो. रुजू होण्यापूर्वी उमेदवाराला कामाची खरी माहिती किती मिळाली, ही एक. आणि त्याला आणणाऱ्याचे स्वतःचे काय पणाला लागले होते, ही दुसरी. भरतीच्या पद्धतीचे नाव काहीही असो, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तिच्याविषयी फारसे काही सांगता येत नाही.

भरतीच्या स्रोतांची तुलना करणारे सुरुवातीचे अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत. फिलिप डेकर आणि एडविन कॉर्नेलियस यांनी 1979 मध्ये बँक आणि विमा कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. सहकाऱ्यांच्या शिफारशीने आलेले लोक एजन्सीमार्फत किंवा वर्तमानपत्र वाचून आलेल्यांपेक्षा जास्त काळ टिकल्याचे त्यांना दिसले. दोनच वर्षांनी जेम्स ब्रॉ यांनी 112 संशोधक-शास्त्रज्ञांचा अभ्यास केला आणि चित्र जरा वेगळे निघाले. कॉलेजच्या प्लेसमेंट कार्यालयातून आलेले आणि काही प्रमाणात वर्तमानपत्राच्या जाहिरातीवरून आलेले शास्त्रज्ञ कामात मागे होते. स्वतःहून अर्ज करणारे आणि व्यावसायिक नियतकालिकातली किंवा परिषदेतली जाहिरात पाहून आलेले पुढे होते. स्वतःहून येणाऱ्याला शिफारस नसते, त्याचा कुणी जामीनही नसतो. तरी तो चांगला निघतो, कारण त्या प्रयोगशाळेत काय चालते हे त्याने आधीच शोधून काढलेले असते. फाटकावर येऊन ‘काही काम आहे का’ म्हणणाऱ्याला हुसकावून लावण्याची आपल्याकडची रीत या निष्कर्षापुढे फारशी शहाणपणाची वाटत नाही.

पुढच्या काळात असे अभ्यास वाढले तसे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनासे झाले. एका कंपनीत शिफारसवाले सरस, तर दुसरीत काहीच फरक नाही. म्हणून संशोधक ‘कोणता स्रोत चांगला’ याऐवजी ‘स्रोतामुळे फरक का पडावा’ हे विचारू लागले. दोन स्पष्टीकरणे पुढे आली. पहिले माहितीचे: काही वाटांनी येणाऱ्याला कामाचे खरे रूप आधीच कळलेले असते, त्यामुळे रुजू झाल्यावर त्याचा भ्रमनिरास होत नाही. दुसरे माणसांचे: वेगवेगळ्या वाटांनी मुळात वेगवेगळ्या प्रकारची माणसे येतात, वाट त्यांना घडवत नाही, फक्त गाळून आणते. सुझन टेलर आणि डोनाल्ड श्मिट यांनी 1983 मध्ये एका पॅकिंग कारखान्यातले हंगामी कामगार अभ्यासले, तेव्हा सर्वांत भरवशाचे ठरले ते पूर्वी तिथेच काम करून पुन्हा आलेले. त्यांच्या बाबतीत दोन्ही स्पष्टीकरणे एकाच वेळी लागू पडतात. काम कसे आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि ते कसे आहेत हे मालकाला ठाऊक असते. सोडून गेलेल्याला पुन्हा घेणे हा मानापमानाचा प्रश्न करणाऱ्या कंपन्या आपल्या हाती असलेली सर्वांत खात्रीची माहिती वाया घालवतात.

माहितीच्या स्पष्टीकरणाची थेट परीक्षाही झालेली आहे. जोसेफ वाइट्झ यांनी 1956 मध्ये आयुर्विमा एजंट होऊ पाहणाऱ्यांपैकी काहींना एक पुस्तिका दिली. एजंटाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, किती वेळा नकार ऐकावा लागतो, हे त्यात साधेपणाने लिहिले होते. पुस्तिका वाचून आलेल्यांतली गळती कमी निघाली. जॉन वेनस यांनी 1973 मध्ये एका दूरध्वनी कंपनीत ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्या महिलांवर असाच प्रयोग केला. काहींना कंपनीची नेहमीची गुलाबी फिल्म दाखवली आणि काहींना कामातला कंटाळा, देखरेख आणि तोचतोपणा दाखवणारी. खरे चित्र पाहिल्याने नोकरी नाकारणाऱ्यांची रांग लागली नाही; मात्र रुजू झाल्यावर नोकरी सोडण्याचे विचार त्या गटात कमी आढळले. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांनी हा परिणाम खरा पण बेताचा ठरवला. बेताचा असला तरी त्याला खर्च जवळजवळ नाही, आणि तरीही तो क्वचितच वापरला जातो. ज्याच्यावर महिनाअखेर जागा भरण्याचे टार्गेट असते त्या रिक्रूटरला उमेदवारापुढे कामाच्या उण्या बाजू मांडण्यात काहीच स्वारस्य नसते. उमेदवार तीन महिन्यांत गेला तर तो आकडा दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर पडतो.

पुण्यातल्या एखाद्या कॉल सेंटरमध्ये ही माहिती कशी वाहते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. जाहिरातीत ‘आकर्षक वेतन, इन्सेंटिव्ह, पिकअप-ड्रॉप’ एवढेच असते. तिथे आधीच काम करणारा मित्र सांगतो ते वेगळे असते: कॅब रात्री साडेआठला येते पण घरी सोडताना चार जणांना फिरवत नेते, ब्रेकची मिनिटे स्क्रीनवर मोजली जातात, इन्सेंटिव्ह पहिले तीन महिने हाती पडत नाही, अमुक टीम लीडर चांगला आहे, तमुकच्या टीममध्ये अडकलास तर वाईट. एवढे ऐकूनही जो जातो तो डोळे उघडे ठेवून जातो. जो जात नाही त्याची गणना कुठल्याच आकडेवारीत होत नाही, पण टिकण्याच्या आकड्यात त्याचाही वाटा असतो. नको असलेला माणूस दारातूनच परतला, हीसुद्धा शिफारशीचीच कमाई आहे.

शिफारशींवरचा सर्वांत भक्कम पुरावा 2015 मधला आहे. स्टीफन बर्क्स, बो काउगिल, मिचेल हॉफमन आणि मायकेल हाउसमन यांनी कॉल सेंटर, ट्रक वाहतूक आणि उच्च तंत्रज्ञान या तीन क्षेत्रांतल्या नऊ मोठ्या कंपन्यांच्या नोंदी एकत्र केल्या. शिफारशीने आलेल्यांचे कौशल्य इतरांपेक्षा वरचढ नव्हते. रोजच्या उत्पादकतेच्या बहुतेक मापांवरही ते बरोबरीचेच होते. फरक दिसला तो नोकरी सोडण्याच्या प्रमाणात, जे लक्षणीयरीत्या कमी होते. शिवाय ट्रकचालकांचे अपघात कमी आणि तंत्रज्ञांची पेटंटे जास्त निघाली. कंपन्यांना होणारा फायदा मुख्यतः कमी गळती आणि स्वस्त भरती यांतून येत होता. म्हणजे ‘ओळखीचा माणूस चांगले काम करतो’ हा समज आणि ‘ओळखीचा माणूस टिकतो’ हा समज वेगवेगळे तपासले पाहिजेत. दुसऱ्याला पुरावा भक्कम आहे, पहिल्याला तुटपुंजा. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. माणसे आपल्यासारखीच माणसे आणतात. बेफिकीर चालकाने आणलेला चालकही बेफिकीर निघतो. तेव्हा शिफारस कुणाची, हा प्रश्न शिफारस आहे की नाही याहून मोठा ठरतो.

ओळख किती जवळची असावी, यावर समाजशास्त्राचे उत्तर सामान्य समजुतीच्या उलट जाते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन शहरातल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय नोकरदारांना नोकरी कशी मिळाली ते विचारले. त्यांचे पुस्तक 1974 मध्ये आले. 56 टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती, पण ती ओळख बहुधा घट्ट नव्हती. ज्याने खबर दिली त्याची गाठ अधूनमधूनच पडत असे. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही आधीच ठाऊक असते. नवी खबर येते ती दूरच्या वर्तुळातून. मालकाच्या बाजूने पाहिले तरी नातलग ही शिफारशीची सर्वांत कच्ची जात आहे, आणि याचा सुबक पुरावा कोलकात्यातून आला.

लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर यांनी तिथे तरुणांना एक बौद्धिक काम करायला देऊन मोबदला दिला आणि नंतर सांगितले, की आता तुमच्या ओळखीतला एक जण घेऊन या, त्याबद्दल वेगळे पैसे मिळतील. काहींना ठरावीक रक्कम मिळणार होती, काहींची रक्कम आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर अवलंबून होती. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: ज्यांचा स्वतःचा पैसा कामगिरीला बांधला होता त्यांनी नातेवाइकांना कमी आणि सहकाऱ्यांना जास्त आणले. त्यांच्यातल्या हुशार तरुणांनी आणलेली माणसे खरोखरच सरस निघाली. मात्र जे स्वतःच कामात कमी पडले होते त्यांना पैशाची लालूच दाखवूनही चांगला माणूस ओळखता आला नाही. कुणाला जमते आणि कुणाला नाही, हे लोकांना ठाऊक असते. फक्त त्यांचे काही पणाला लागेपर्यंत ते ज्ञान मेहुण्याच्या आणि चुलतभावाच्या सोयीपुढे मागे पडते.

ढाक्याजवळच्या कपड्यांच्या कारखान्यांत हेच तत्त्व प्रयोगाविना, रोजच्या व्यवहारात चालते. रेचेल हीथ यांच्या 2018 मधल्या अभ्यासानुसार तिथे नव्या शिलाई कामगाराला आणणारा अनुभवी कामगार त्याच्या कामगिरीला एका अर्थाने जामीन असतो. नव्याने काम बिघडवले तर त्याची झळ आणणाऱ्याच्या पगारवाढीला लागते. म्हणूनच दोघांचे पगार एकमेकांच्या साथीने वर-खाली होताना दिसतात. नव्याला घरच्या माणसासारखे दटावायला आणि शिकवायलाही मग कुणीतरी असते. एमिलिओ कास्टिया यांनी 2005 मध्ये अमेरिकेतल्या एका कॉल सेंटरबाबत याची दुसरी बाजू दाखवली. शिफारशीने आलेले सुरुवातीला जास्त उत्पादक होते. पण आणणारा नोकरी सोडून गेला, की मागे राहिलेल्याची कामगिरी घसरू लागे. शिफारस कागदावरची चिठ्ठी असती तर असे झाले नसते. ती चालू संबंधावर जगते, आणि संबंध उठून गेला की निम्मी विरते.

मुंबईच्या गिरण्यांनी ओळखीच्या भरतीचा सर्वांत लांबलचक प्रयोग केला, आणि तो या चर्चेत बहुतेक वेळा विसरला जातो. कावसजी दावर यांची पहिली गिरणी 1850 च्या दशकात उभी राहिली. तेव्हापासून जवळपास शंभर वर्षे कामगार नेमण्याचे काम प्रामुख्याने जॉबरच्या हाती होते. बायकांच्या खात्यात नायकिणीच्या. रत्नागिरीकडचा किंवा घाटावरचा तरुण गावच्या माणसाच्या खोलीवर उतरायचा आणि सकाळी जॉबरपुढे उभा राहायचा. जॉबर स्वतः कसबी कामगार असे, साचे दुरुस्त करी, खात्याच्या उत्पादनाला जबाबदार असे. काम आणि माणूस दोन्ही ओळखणारा मध्यस्थ, म्हणजे कागदावर पाहता आदर्श शिफारस करणारा. प्रत्यक्षात गिरण्यांत गैरहजेरी आणि कामगारांची ये-जा यांनी व्यवस्थापन सतत हैराण होते. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशन ऑन लेबरने 1931 च्या अहवालात जॉबरच्या हातून नेमणुकीचा अधिकार काढून घ्यावा असे सुचवले.

दोष ओळखीत नव्हता, कमाईच्या रचनेत होता. जॉबर नव्या माणसाकडून दस्तुरी घेई, आणि ती नेमणुकीच्या वेळी मिळे. तेव्हा माणूस टिकण्यापेक्षा बदलत राहण्यात त्याचा फायदा होता. शिवाय कायम कामगाराच्या खाड्यावर उभे राहण्यासाठी बदलीवाल्यांची गर्दी रोज सकाळी दाराशी असे. त्यातून कोणाला आत घ्यायचे हे तोच ठरवी. गिरणी मालक संघाने 1935 मध्ये बदलीवर नियंत्रणाची योजना आणली, ठरावीक लोकांना बदली कार्डे दिली, त्यांना आधी काम असा नियम केला, ते ही सत्ता कमी करण्यासाठीच. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मात्र जॉबरला सर्वसत्ताधीश मानण्याबाबत सावध केले आहे. चाळीतल्या शेजाऱ्यांचा आणि संपातल्या सोबत्यांचा पाठिंबा गमावलेला जॉबर टिकत नसे. तोही लोकांच्या धाकात होता. हे मान्य केले तरी मूळ मुद्दा उरतोच. जामीन राहणारा आणि दलाली घेणारा हे एकाच माणसाचे दोन धंदे झाले, की दलाली जिंकते.

त्याच शहरात, त्याच काळात, तितक्याच ओळखीवर चाललेला दुसरा व्यवसाय याच्या अगदी उलट निघाला. जेवणाचे डबे पोचवणाऱ्यांची व्यवस्था महादू हावजी बच्चे यांनी 1890 च्या सुमारास सुरू केली. आजही डबेवाले बहुतांशी मावळ, मुळशी, जुन्नर, राजगुरुनगर या पट्ट्यातून येतात. नवा माणूस गावच्या किंवा नात्यातल्या कुणाच्या तरी शब्दावरच घेतला जातो. पण इथे माणूस आणणाऱ्याला नेमणुकीबद्दल काही मिळत नाही. डबेवाल्यांची प्रत्येक टोळी स्वतंत्र असते, तिची कमाई सभासदांत वाटली जाते, आणि एकाच्या हातून डबा चुकला तर गिऱ्हाईक सगळ्यांचे जाते. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी 2012 मध्ये लिहिल्याप्रमाणे नवा माणूस आधी उमेदवारी करतो आणि नंतर पैसे भरून व्यवसायात हिस्सेदार होऊ शकतो. टिकण्याचे कारण त्या हिश्शात आहे. ‘मावळी माणूस कष्टाळू’ हे स्पष्टीकरण ऐकायला गोड वाटते, पण तोच मावळी माणूस गिरणीत खाडे करत होता. कोविडच्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद पडल्या तेव्हा हीच व्यवस्था ओस पडू लागली. काम नसेल तर कोणतीही भरती माणूस धरून ठेवत नाही.

तिसरे उदाहरण अप्रिय आहे. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जातात. भरती मुकादम करतो. तो कारखान्याकडून पैसे घेतो आणि पावसाळ्यातच गावात उचल वाटतो. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ मोजतात आणि उचल कोयत्यावर ठरते. हंगामात जेवढा ऊस तोडला जाईल तेवढी उचल फिटत जाते. आजारपणाचा किंवा बाळंतपणाचा खाडा पडला तर तो अंगावर चढतो, आणि हंगाम संपताना काही बाकी राहिली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. केवळ हजेरीपट पाहिला तर ही माणसे टिकतात, तीही पिढ्यान्‌पिढ्या. इथे आणणारा खरोखरच जामीन असतो, कारण टोळी पळाली तर पैसे त्याच्या गळ्यात पडतात. पण त्याची जबाबदारी कारखान्याशी बांधलेली आहे, मजुराशी नाही. टिकण्याच्या आकड्याला चांगल्या भरतीचे प्रमाणपत्र मानणाऱ्याने हा हजेरीपट एकदा समोर ठेवावा. नोकरी सोडल्यास लाख-दोन लाख भरण्याचा बॉण्ड लिहून घेणाऱ्या किंवा मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवणाऱ्या कंपन्यांची पद्धतही याच कुळातली आहे, एवढेच की तिथला कागद इंग्रजीत असतो.

कॅम्पस भरतीत शिफारस नसते आणि कामाची माहितीही बेताचीच असते. माहिती-तंत्रज्ञान कंपन्या सातव्या सेमिस्टरमध्ये शेकड्याने ऑफर देतात. कुणाला कोणत्या प्रोजेक्टवर, कोणत्या शहरात, कोणत्या तंत्रज्ञानावर टाकायचे हे त्या दिवशी कंपनीलाही माहीत नसते. म्हणून म्हैसूरसारख्या प्रशिक्षण केंद्रांवर मोठा खर्च होतो आणि बरेचसे खरे गाळणे तिथल्या परीक्षांत होते. मग या मुलांच्या गळतीचा दोष कॅम्पस पद्धतीवर टाकला जातो. आकडे तसे सांगत नाहीत. इन्फोसिसमधले स्वेच्छेने नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण जून 2022 च्या तिमाहीअखेर 28.4 टक्के होते. मार्च 2024 मध्ये ते 12.6 टक्क्यांवर आले. टीसीएसचा आकडा सप्टेंबर 2022 मध्ये 21.5 टक्के होता, तो मार्च 2024 मध्ये 12.5 झाला. दीड-दोन वर्षांत कॉलेजे बदलली नाहीत, मुलाखतीची पद्धत बदलली नाही. बाहेरच्या ऑफर आटल्या. बाजार तापलेला असताना भरतीच्या पद्धतीचा परिणाम त्या उष्णतेत दिसेनासा होतो.

पगाराचेही तसेच. फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात 1913 मध्ये गळतीचे वार्षिक प्रमाण 370 टक्के होते. चौदा हजारांच्या आसपास जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षात पन्नास हजारांहून जास्त माणसे घ्यावी लागली. जानेवारी 1914 मध्ये पाच डॉलर रोज जाहीर झाला. त्या वर्षी गळती 54 टक्क्यांवर आणि 1915 मध्ये 16 टक्क्यांवर उतरली. भरती त्याच फाटकावर होत होती. सरकारी नोकरीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तलाठी किंवा पोलीस शिपाई म्हणून लागलेला तरुण मोठ्या परीक्षेतली जागा मिळाल्याशिवाय सहसा नोकरी सोडत नाही, मग त्याची भरती कशीही झालेली असो. पगार, सुरक्षितता आणि बाहेरचा बाजार यांनी गळतीचा मोठा भाग ठरतो. भरतीची पद्धत उरलेल्या भागावर काम करते. तो भाग लहान असला तरी मालकाच्या हातात असतो, म्हणून त्याचा विचार करणे फोल नाही.

ओळखीच्या भरतीची एक किंमत कंपनीच्या हिशेबात येत नाही. माणसे आपल्यासारखी माणसे आणतात, तेव्हा जे आत नाहीत त्यांना आणणारा कुणी नसतो. गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे कामगार सूतखात्यात होते, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्याची दारे त्यांना बंद होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. भरती आणि उमेदवारी दोन्ही खात्यातल्याच लोकांच्या हाती असल्यावर बंद दार आपोआप बंद राहते; कुणाला मुद्दाम कडी घालावी लागत नाही. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधल्या शाळांतल्या वीस वर्षांच्या प्रवेशांचा अभ्यास करून याचा लांबचा पल्ला दाखवला. ज्या जातींचे जाळे मुलांना कारखान्यातली कामे मिळवून देत होते त्यांतली मुले मराठी माध्यमातच जात राहिली, तर त्याच घरांतल्या मुली, ज्यांना त्या जाळ्याचा काही उपयोग नव्हता, इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. भावाला मिळालेला आधार त्यालाच जुन्या कामात गुंतवून ठेवत होता.

यावर खुली जाहिरात हा उपाय म्हणून पुढे येतो, पण तोही वाटतो तितका खुला नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले आणि फक्त आडनावे बदलली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता कमी होती. म्हणजे ओळख वगळली तरी ओळखण्याची सवय राहतेच. ठरावीक प्रश्नांची, सर्वांना सारखी मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे ही साधने इथे जास्त उपयोगी पडतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांच्या 1998 च्या गाजलेल्या आढाव्यात कामगिरीचा अंदाज देण्यात ती वरच्या क्रमांकावर होती आणि अनुभवाची वर्षे बरीच खाली. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये यांतले बहुतेक आकडे खाली आणले, तरी ठरावीक प्रश्नांची मुलाखत आघाडीवर राहिली. अनुभवी साहेबांच्या ‘माणूस पाहताक्षणी कळतो’ या विश्वासाला मात्र पुराव्याचा आधार नाही. मिचेल हॉफमन, लिसा कान आणि डॅनिएल ली यांनी पंधरा कंपन्यांत पाहिले, की उमेदवारांना हिरवा, पिवळा, लाल असा शेरा देणारी चाचणी आल्यावर नव्या लोकांचा टिकण्याचा काळ सुमारे 15 टक्क्यांनी वाढला. हिरवा सोडून पिवळा घेण्याची मुभा ज्या व्यवस्थापकांनी जास्त वापरली, त्यांची माणसे लवकर गेली.

कोणत्याही कंपनीला स्वतःच्या भरतीबद्दल हे सगळे तपासता येते, पण नोंदी तशा ठेवलेल्या नसतात. ‘आमच्याविषयी कुठून कळले’ या रकान्यात उमेदवार पोर्टलचे नाव टाकतो, आणि प्रत्यक्षात त्याला शेजाऱ्याने सांगितलेले असते. शिफारशीचा बोनस मिळवण्यासाठी याच्या उलटही होते: पोर्टलवरून आलेल्याचा बायोडेटा आतल्या कुणाच्या तरी नावाने चढवला जातो. बोनस बहुधा नव्वद दिवसांनी मिळतो, त्यामुळे नव्वद दिवस माणूस धरून ठेवण्याची काळजी घेतली जाते आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी ती संपते. बोनसचे तीन हप्ते केले, शेवटचा वर्षभराने आणि आणलेल्याच्या कामगिरीच्या शेऱ्यानंतर दिला, तर कोलकात्याच्या प्रयोगातली अट जवळपास तशीच लागू होते. कोणाची शिफारस कितीदा फळली याची नोंद ठेवली, तर पुढच्या वेळी कुणाला विचारायचे हेही कळते.

ही तपासणी मात्र कंपनीच्या पटावरच्याच माणसांना लागू होते. देशातल्या कारखान्यांतल्या कामगारांपैकी सुमारे 40 टक्के आता ठेकेदारामार्फत येतात, असे उद्योगांच्या वार्षिक पाहणीचे अलीकडचे आकडे सांगतात. चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या लाइनवर त्यांची भरती ठेकेदाराचा सुपरवायझर फोनवरून करतो. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून मुले येतात, एका खोलीत सहा-सहा राहतात. ठेकेदाराचा दर डोक्यांवर ठरतो. उद्या सकाळी पन्नास डोकी हजर असली पाहिजेत; कालचीच पन्नास असावीत अशी अट करारात नसते. काम करणारे ठरावीक महिन्यांनी बदलत राहिले तर कायम करण्याची मागणी उठत नाही, म्हणून कंपनीलाही ते खुपत नाही. नव्या मुलाला टॉर्क रेंच धरायला शिकवण्यात लाइनच्या कायम कामगाराचा जो वेळ जातो आणि त्या आठवड्यात जो माल रिजेक्ट होतो, त्याचा खर्च ना ठेकेदाराच्या बिलात दिसतो, ना एचआरच्या गळतीच्या तक्त्यात. तो उत्पादन विभागाच्या खात्यात ‘लाइन लॉस’ म्हणून पडतो.